तीन वाव, वाळू

मुहर्रकला मी जिथे राहतो, तिसऱ्या मजल्यावर,
तिथे जुन्या नकाशात समुद्र आहे.
तीन वाव पाणी, आणि आकड्याशेजारी बारीक अक्षरात: वाळू.
तो आकडा आईच्या मामाचा.
म्हणजे मी तसं मानतो.
नकाशावर सही असते फक्त कप्तानाची.

तळाशीलला त्यांच्या घराला अजून
बंडवाल्याचं घर म्हणतात.
कसलं बंड, विचारा.
हात हलवून सांगतील: बोटीवर. गोऱ्यांशी. तिकडे आखातात.
आधीच्या बावीस वर्षांबद्दल कुणी काही विचारत नाही.

झिलू मेतर. सोळाव्या वर्षी नौदलात शिरला
तो बापाच्या होडीतून उतरून, अनवाणी.
शिशाचा गोळा दोरीने सोडायचा,
गोळ्याच्या खोबणीत चरबी भरलेली,
तिला चिकटून तळ वर यायचा:
चिखल, शिंपल्यांचा चुरा, प्रवाळ.
हा त्याची चव घ्यायचा.
अधिकारी हसले.
मग शमाल सुटलेल्या एका रात्री
तारे धुळीत गेले, दीपस्तंभाचा पत्ता नाही,
आणि याने चिमूटभर तळ जिभेवर ठेवून सांगितलं,
आपण दोन मैल पूर्वेला आलोय.
उजाडल्यावर किनारा तिथेच निघाला.
तेव्हापासून नकाशाची खोली त्याची,
हुद्दा दुसऱ्याचा.

बुशहर, किश्म, मुसंदमचे कडे,
मोती काढणाऱ्यांच्या होड्या अडकतात ते उथळ पट्टे,
सगळं त्याने लाल शाईने दुरुस्त केलं.
आईला एकदा म्हणाला होता,
"पाणी खोटा बोलणा नाय गे. नकाशो बोलता."

फेब्रुवारीत मुंबईची बातमी
बिनतारी खोलीतून जेवणाच्या बाकांपर्यंत आली.
बावन्न थाळ्या उलट्या पडल्या.
हुकूम झाला, पहाटे नांगर उचलायचा.
झिलू मेतरने पेन्सिलीला टोक काढलं,
पट्टीशेजारी ती नीट समांतर ठेवली,
आणि म्हणाला, मार्ग आखणार नाही.

एवढंच बंड.
आवाज झाला तो लाकडावर लाकूड ठेवल्याचा.

त्याला खाली कोंडलं.
अधिकाऱ्यांनी स्वतःच बॉयलर पेटवले,
कप्तानाने स्वतः मार्ग आखला, सरळ, सुरेख,
ओहोटी न मोजता.
खाली अंधारात हा लोखंडाला पाठ लावून बसलेला.
तासाभराने पाठीमागचं पाणी
बारीक बोलायला लागलं,
भांड्यात तळाशी उरलेल्या पाण्यासारखं.
सोबत्यांनीही ओळखलं. एकजण पुटपुटला,
लागू दे खडकाला.

तो ओरडला.
उजवीकडे घ्या! आता! पूर्ण उजवीकडे!
पहारेकरी पळाला, बोट कलली,
फक्त रंग खरवडला गेला.

कोर्टाच्या कागदात: हुकूम मोडला. बडतर्फ. निवृत्तिवेतन नाही.
ओरडल्याची नोंद नाही.
सोबत्यांपैकी भार्गव खवणेकर
त्याच्याशी मरेपर्यंत बोलला नाही,
एकाच गावात, एकाच किनाऱ्यावर जाळी वाळवत.
मामाने कुणालाच समजावलं नाही,
ना बंड, ना ओरडणं.
आईने विचारलं तेव्हा म्हणे
बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत बसला
आणि मग चहा मागितला.

मी ड्रेजरवर काम करतो.
तळ उपसून आम्ही दुसरीकडे ओततो, जमीन करतो,
त्यावर इमारती उभ्या राहतात, भाडं चढं असतं.
त्याने मोजलेलं पाणी
दर खेपेला मी थोडं खोटं पाडतो.
पगार वेळेवर होतो.

खालच्या पार्किंगमध्ये भिंतीला ओल येते.
वॉचमन पुसतो, ती परत येते.
काल रात्री कुणी नव्हतं.
मी भिंतीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.
खारट.
त्यामागे आणखीही काही होतं,
मला ओळखता आलं नाही.